धबधब्याची सहल आणि परतीचा ओढा

आषाढांत दोन-तीन दिवस पाऊस झोडपून गेला आणि मग घटकाभर उघडीप मिळाली, कीं शीळफाट्यावर खोळंबलेल्या प्रवाशाच्या दृष्टीस एक निराळाच देखावा पडतो. एरवीं हा फाटा म्हणजे धूळ, धूर आणि मालमोटारींची न संपणारी रांग. मुंबईहून पुण्याकडे जाणारा जुना रस्ता मुंब्र्यावरून येथें येतो व पुढें पनवेलीची दिशा धरतो. कल्याण-डोंबिवलीचा रस्ता त्याला येथेंच मिळतो. महापेच्या बाजूची वाहतूकहि येथेंच येऊन तुंबते. अशा ठिकाणीं निसर्गशोभा पाहण्याचें कोणाच्या मनांत येणार? परंतु ढग थोडे वर सरकले, कीं पश्चिमेच्या डोंगरावर पांढऱ्या रेघा उमटूं लागतात. काल ज्या कातळावर कांहीं नव्हतें, तेथें आज दहा ठिकाणीं पाणी कोसळत असतें. पूर्वेकडे, भातखाचरांच्या आणि नव्या उंच इमारतींच्या पलीकडे, मलंगगडाचा माथा धुक्यांतून क्षणभर डोकावतो, आणि त्याच्या अंगावरहि तशाच रेघा दिसतात. मोटारबसच्या खिडकीशीं बसलेला एखादा तरुण शेजारच्या मित्राला कोपरानें ढोसतो आणि म्हणतो, "काय रे, येत्या रविवारीं जायचें का?" धबधब्याच्या बहुतेक सहलींचा जन्म हा असा होतो.

जन्म असा होण्यांत वावगें कांहीं नाहीं. घरांत कोंडून बसलेल्या माणसाला पहिल्या पावसानंतर डोंगराची ओढ लागावी हें निरोगी मनाचेंच लक्षण आहे. मग शनिवारीं रात्रीं मंडळी जमतात. गाडी कोणाची, डबे कोणाच्या घरचे, वाटेंत चहा कोठें घ्यावयाचा, ह्यावर घटकान् घटका खल होतो. निघण्याची वेळ ठरते, पोंचण्याची वेळ ठरते, छायाचित्रें कोठें काढावयाचीं हेंहि ठरतें. एकच गोष्ट ठरत नाहीं, व ती म्हणजे परत कसें यावयाचें. ज्या वाटेनें गेलों त्याच वाटेनें यावयाचें, त्यांत ठरवावयाचें तें काय, असें प्रत्येकाला वाटतें. पावसाळ्यांतील डोंगरांत हा समज खोटा ठरतो. सकाळीं घोट्याइतक्या पाण्यांतून हंसत-खिदळत ओलांडलेला ओढा दुपारीं तोच ओढा राहत नाहीं. सहलीची आंखणी करावयाची ती मुख्यतः ह्या ओढ्याची. डबे, बूट आणि छत्र्या हा भाग त्यानंतरचा.

शीळफाट्यावरून धबधब्यांकडे तीन दिशांनीं जातां येतें. पहिली दिशा अगदीं जवळची, पारसिक-मुंब्र्याच्या डोंगराची. हा डोंगर खाडीच्या कांठाशीं उभा असल्यामुळें माणसाच्या वाटेंत तो पहिल्यापासूनच आलेला आहे. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत धांवलेली आगगाडी पुढच्या वर्षीं कल्याणला न्यावयाची झाली, तेव्हां मुंब्र्यापाशीं डोंगर फोडावा लागला. १९१६ सालीं पारसिकचा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा वाहतुकीस खुला झाला. आणि मुंबई-अहमदाबाद वेगवान गाडीसाठीं जो २१ किलोमीटरांचा बोगदा होत आहे, त्याचेंहि एक टोंक शीळफाट्याकडेच आहे. डोंगराच्या पोटांतून माणूस असा आरपार गेला. डोंगराच्या पाठीवरून येणाऱ्या पाण्याचा बंदोबस्त मात्र त्याला अजून साधलेला नाहीं. मुंब्र्याच्या बाह्यवळण रस्त्यावर पावसाळ्यांत थेट रस्त्याच्या कडेस पाणी कोसळतें, आणि मोटारी थांबवून लोक त्याखालीं उभे राहतात. ह्याला सहल म्हणणें कठीण आहे. वरून दगड सुटण्याचें भय आणि पाठीमागून भरधाव मालमोटारीचें भय, अशा दोन भयांच्या मधोमध केलेलें तें स्नान होय.

दुसरी दिशा दक्षिणेची, खारघरच्या डोंगरांची. तेथील पांडवकडा हा ह्या टापूंतील सर्वांत देखणा प्रपात. सुमारे १०७ मीटर उंचीवरून पाणी सरळ कड्यावरून सुटतें. वनवासांत पांडव येथें आले होते अशी लोकांची समजूत आहे; अर्थात् महाराष्ट्रांत पांडव जेथें आले नाहींत असा डोंगर सांपडणेंच विरळा. ह्या ठिकाणीं इतके बळी गेले, कीं पावसाळ्यांत तेथें जाण्यास अनेक वर्षें बंदी घालण्यांत येत आहे.

तिसरी दिशा पूर्वेची, आणि खऱ्या अर्थानें रानाची. कल्याणच्या रस्त्यानें खिडकाळीचें जुनें शिवालय मागें टाकून काटईला यावें, तेथून बदलापूरच्या रस्त्याला लागून खोणी आणि नेवाळी पार करावी, म्हणजे मलंगगड, तावली, चंदेरी ही माथेरानकडे सरकत जाणारी रांग समोर उभी राहते. तिच्या कुशींत नांवाचे आणि बिननांवाचे असंख्य ओढे आहेत. बदलापूरच्या बाजूस भोजजवळ कोंडेश्वराचें प्राचीन देऊळ आहे. देवळाशेजारीं धबधबा आणि धबधब्याखालीं खोल कुंड. ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या, खाचरांत चाललेली भाताची लावणी, बांधावर उगवलेला टाकळा, आणि बाजाराच्या दिवशीं टोपलींत येणारी फोडशी असें कोंकणचें पावसाळी जीवन शीळफाट्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर अजून टिकून आहे. धबधबा न लाभला तरी केवळ एवढ्यासाठीं जावें अशी ही वाट आहे.

आतां ओढ्याकडे वळावयाचें, तर प्रथम खडकाकडे पाहिलें पाहिजे. हा सारा मुलूख काळ्या अग्निजन्य खडकाचा आहे. साडेसहा कोटि वर्षांच्या सुमारास लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. कांहीं थर कठीण, कांहीं भुसभुशीत. भुसभुशीत थर झिजला, कठीण थर पुढें छज्जासारखा राहिला, आणि त्याच्या कडेवरून पाणी खालीं पडूं लागलें. धबधबा तो हाच. परंतु ज्या खडकानें धबधबा दिला त्याच खडकांत दुसरा एक गुण आहे, तो असा, कीं तो पाणी फारसें पीत नाहीं. वर मातीचा थर पातळ, उतार उभा, आणि खालीं अभेद्य कातळ. अशा ठिकाणीं पडलेला पाऊस जिरण्याच्या भानगडींत न पडतां सरळ ओढ्याकडे धांव घेतो. मैदानांतील नदीला पूर चढावयास दिवस लागतो. डोंगरांतील ओढ्याला कांहीं मिनिटें पुरतात.

किती पाणी येतें, ह्याचा हिशेब शाळकरी मुलालाहि करतां येईल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. धबधब्याच्या माथ्यावर एक चौरस किलोमीटरचें पठार आहे असें धरावें. डोंगराच्या मानानें हा तुकडा लहानच. त्यावर एका तासांत ५० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे पांच कोटि लिटर पाणी झालें. तें सर्व त्याच तासांत एका घळींतून उतरलें तर सेकंदाला जवळजवळ चौदा हजार लिटर, म्हणजे चौदा टन. त्यांतील अर्धें मुरलें किंवा मागें रेंगाळलें असें मानलें, तरी सेकंदाला सात टन पाणी उरतेंच. शिवाय प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, कीं त्याचा रेटा चौपट होतो. "पाणी गुडघ्याइतकेंच तर आहे" असें म्हणणारा माणूस पाण्याची खोली मोजीत असतो. त्याचे पाय उखडतो तो वेग, आणि तो डोळ्यांनीं मोजतां येत नाहीं.

ह्याहून फसवी गोष्ट अशी, कीं हा पाऊस सहलीच्या मंडळींच्या डोक्यावर पडलाच पाहिजे असें नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे सदतीस इंच, पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशीं त्याच शहराच्या दक्षिण टोंकाला कुलाब्यास सुमारे ७३ मिलिमीटर पडला. एका शहरांत जर हा फरक, तर डोंगराच्या अलीकडे ऊन आणि पलीकडे ढगफुटी असण्यांत आश्चर्य कसलें? २०१९ च्या २६-२७ जुलैच्या रात्रीं बदलापूर आणि वांगणी ह्यांच्या मधें महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यांत अडकली. लोणावळा-राजमाचीच्या डोंगरांतून येणारी उल्हास नदी लोहमार्गावर पसरली होती. हजारांहून अधिक उतारूंना नौका आणि बचावपथकें आणून दुसऱ्या दिवशीं बाहेर काढावें लागलें. जेथें आगगाडीला वाट उरली नाहीं तो मुलूख हाच, ज्यांत पांच-सहा मित्र डबे घेऊन ओढा ओलांडावयास निघतात.

आणि ३० जून २०२४ चा रविवार महाराष्ट्र इतक्यांत विसरणार नाहीं. लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागल्या डोंगरांतील धबधब्यांत एका कुटुंबांतील माणसें प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभीं होतीं. तीं तेथें गेलीं तेव्हां त्या खडकापर्यंत चालत जातां येत होतें. पाणी वाढलें, भोंवतालची वाट नाहींशी झाली; कांठावरचे लोक पाहत असतांना खडकहि बुडाला. पांच जण गेले. त्यांत लहान मुलेंहि होतीं. त्या मंडळींनीं मोठें धाडस केलें होतें असें नव्हे. हजारों कुटुंबें दर रविवारीं जें करतात तेंच त्यांनीं केलें होतें.

अशा घटनांमुळें ठाण्याचे जिल्हाधिकारी पावसाळ्यांत मनाई-हुकूम काढतात. पूर्वीं तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखालीं निघत असे. १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहितेंतील १६३ वें कलम त्या जागीं आलें आहे. मुंब्रा बाह्यवळणावरील धबधबे, येऊर, कोंडेश्वर, बारवी धरणाचा परिसर, माळशेज घाट हीं नांवें अशा यादींत वारंवार आलेलीं आहेत. खोल पाण्यांत उतरणें, प्रपाताखालीं बसणें, धोक्याच्या कड्यावर उभें राहून छायाचित्रें काढणें, मद्यपान करणें अशा गोष्टींस त्यांत मज्जाव असतो. तरुणांना हा हुकूम जुलुमी वाटतो, आणि धबधब्याच्या वाटेवर भाजलेलीं कणसें विकणाऱ्या वाडीवरच्या बाईला तर तो पोटावर पाय वाटतो. तिची तक्रार अगदींच खोटी नाहीं. सरसकट बंदी हा शासनाचा सोपा उपाय आहे, आणि वाटा आंखणें, धोक्याच्या ठिकाणीं सांखळ्या व फलक लावणें, वाडीवरच्या जाणत्या तरुणांना वाटाडे म्हणून शिकवून तयार करणें हा अवघड उपाय. अवघड उपाय होईपर्यंत सोपा उपाय राहणारच. परंतु हुकूम चुकवून मागल्या वाटेनें घुसणाऱ्याला एक गोष्ट कळत नाहीं: ज्या वाटेवर कोणी नाहीं, त्या वाटेवर मदतीला येणाराहि कोणी नसतो. म्हणून आंखणीचें पहिलें काम म्हणजे हुकूम वाचणें. त्यांत ठिकाणांचीं नांवें आणि मुदतीच्या तारखा लिहिलेल्या असतात. ज्या ठिकाणीं मनाई, तें ठिकाण त्या तारखेपर्यंत यादींतून काढावें आणि दुसरें पाहावें.

येथें एक विचार सुचविण्यासारखा आहे. धबधबा पाहावयाचा तो जुलै महिन्यांतच, ही रूढि कोणीं पाडली कोण जाणे! जुलैमध्यें मुंबई-ठाण्याच्या बाजूस एका महिन्यांत आठशे मिलिमीटरांच्या आगेमागे पाऊस पडतो. रस्ते तुंबतात, वाटा निसरड्या होतात, प्रपात दिसावा तर धुकें आड येतें, आणि धुकें हटलें तर पुढें शंभर माणसें उभीं असतात. उलट गौरी-गणपति आटोपल्यावर, भाद्रपदाच्या उत्तरार्धांत, डोंगराचें रूप पाहण्यासारखें असतें. मातीनें पोटभर पाणी घेतलेलें असतें, झरे वाहत असतात, ओढ्यांतलें पाणी गढूळ न राहतां आरशासारखें होतें. तेरडा फुललेला असतो, खाचरांत भात पोटरीस आलेला असतो. पावसाळा मुंबईहून मागें फिरण्याची सरासरी तारीख वेधशाळेनें ८ ऑक्टोबर ही धरली आहे. तोंवर बऱ्याच मोठ्या धबधब्यांत पाणी टिकून असतें. ह्या दिवसांत धोका नसतो असें मात्र कोणीं समजूं नये. परतीचा पाऊस दुपार कलल्यावर विजा घेऊन येतो आणि तासाभरांत हातचें राखीत नाहीं. पण तो सकाळ बहुधा मोकळी सोडतो, आणि ज्याला दुपारच्या आंत परतावयाचें आहे त्याला सकाळ पुरेशी आहे.

आतां प्रत्यक्ष आंखणी. कागदावर वेळा लिहावयाच्या त्या उलट्या क्रमानें, म्हणजे शेवटापासून. भाद्रपदाच्या अखेरीस सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो; रानांत आणि ढगाखालीं सहालाच अंधारूं लागतें. म्हणून डांबरी रस्त्यावर तीन-साडेतीनला पाय लागले पाहिजेत. त्याआधीं शेवटचा ओढा दोनच्या आंत ओलांडलेला असावा. तर मग धबधब्यापासून बाराला उठावयास हवें. तेथें तास-दीड तास बसावयाचें, तर साडेदहाला पोंचलें पाहिजे. चढण दोन तासांची असेल तर साडेआठला पायथा. आणि शीळफाट्यावर भेटण्याची वेळ सातची, तीहि घड्याळांतली. साडेआठला कोणी डोळे चोळीत आला, तर धबधब्याजवळ बसण्याचा वेळ कमी करावा, नाहीं तर अर्ध्या वाटेवरून फिरावें. बाराची वेळ मात्र हलवूं नये. पुष्कळशा सहली येथेंच बिघडतात. उशीर झाला, कीं मंडळी पुढची प्रत्येक वेळ पुढें ढकलतात, आणि तो सगळा उशीर शेवटीं परतीच्या ओढ्याच्या पदरांत पडतो.

ह्या हिशेबांत साडेतीनपासून अंधार पडेपर्यंतचे जे अडीच-तीन तास शिल्लक दिसतात, ते चुकून राहिलेले नाहींत. सबंध आंखणींत सर्वांत मोलाचे तेच. समजा, ओढ्यापाशीं आल्यावर पाणी वाढलेलें दिसलें. तर त्यावेळीं एकच गोष्ट करावयाची असते, ती म्हणजे कांहींच न करतां उंच जागीं बसून राहणें. डोंगरी ओढा जितक्या लौकर चढतो तितक्याच लौकर, पाऊस थांबल्यावर दोन-चार तासांत, बहुधा उतरतो. ज्याच्याजवळ ते तास आहेत तो बसूं शकतो. ज्याची संध्याकाळची गाडी सुटत आहे, ज्याच्या घरीं पाहुणे यावयाचे आहेत, ज्याच्या डब्यांत कांहीं उरलें नाहीं आणि पोर थंडीनें कुडकुडत आहे, तो पाण्यांत उतरतो. म्हणून पिशवींत एक वेळचें जास्त खाणें, दशम्या, गूळ आणि शेंगदाणे, सर्वांना पुरेल एवढें असावें. मेणकापडांत गुंडाळलेला कोरडा सदरा, विजेरी आणि पूर्ण भरलेला एक मोबाईल हीं छायाचित्रांसाठीं नव्हेत. तीं ह्या बसण्यासाठीं आहेत.

आदल्या संध्याकाळीं वेधशाळेचा अंदाज पाहावा. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे चार रंग ती जिल्हावार देते. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरांच्या पुढें पाऊस झाला, कीं वेधशाळेच्या भाषेंत तो ‘मुसळधार’, ११५.६ च्या पुढें ‘अतिमुसळधार’. ठाणे आणि रायगड ह्या दोन्ही जिल्ह्यांचा रंग पाहणें अवश्य आहे, कारण ही रांग दोहोंच्या सरहद्दीवर आहे. नारिंगी किंवा लाल रंग असेल तर बेत पुढच्या आठवड्यावर टाकावा. पिवळा असेल तर ओढा ओलांडावा लागणार नाहीं अशी वाट घ्यावी. अंदाज कधींकधीं चुकतो आणि लाल रंगाच्या दिवशीं लख्ख ऊन पडतें, हें खरें. त्या दिवशीं घरीं राहिल्यानें गेलें काय, तर एक रविवार.

वेधशाळेनंतरची दुसरी वेधशाळा वाडीवर असते. पायथ्याच्या घरापाशीं थांबून म्हाताऱ्याला विचारावें, "बाबा, वर पाणी कितपत आहे?" तो कधीं थेट उत्तर देत नाहीं. तो आधीं डोंगराकडे पाहतो, मग आलेल्यांच्या बुटांकडे पाहतो. "पाणी आहे, पण वरच्या अंगाला काळोख धरलाय. दुपारच्या आंत खालीं या, पोरांनो," असें तो म्हणाला, तर ती सूचना नसून निकाल समजावा. वाडींतलाच एखादा माणूस वाटाड्या म्हणून सोबत घ्यावा आणि त्याची मजुरी घासाघीस न करतां द्यावी. शहरांतला माणूस वाट शोधतो. तो माणूस ओढा ओळखतो.

ओढा पहिल्यांदां ओलांडतांनाच एक खूण करून ठेवावी. पाण्याच्या कडेवर जेथें धार टेकते तो दगड पाहून ठेवावा, किंवा तेथें काठी रोंवावी. धबधब्यापाशीं बसल्यावरहि तसेंच करावें आणि दर पंधरा मिनिटांनीं एकानें ती खूण पाहावी. हें काम आळीपाळीनें नेमून द्यावें, नाहीं तर सर्वांचें काम तें कोणाचेंच होत नाहीं. खूण चार बोटें बुडाली, स्वच्छ पाण्याला तांबूस रंग आला, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊं लागल्या, किंवा पाण्याचा आवाज खर्जांत उतरला, तर ताबडतोब उठावें. जेवण अर्धें राहिलें तरी उठावें. ओढ्याच्या पात्रांतील बेटासारख्या खडकावर बैठक मांडूंच नये. बसावयाचें तें ज्या तीरावरून घरची वाट जाते त्याच तीरावर.

स्नानाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण मोह तेथेंच फार. प्रपाताखालील कुंड तळ्यासारखें शांत दिसलें तरी तें तळें नव्हे. वरून पडणाऱ्या पाण्यानें आणि त्यांत गरगरणाऱ्या दगडांनीं तळाशीं रांजणखळगे पडलेले असतात. कंबरेइतक्या पाण्यांतून पुढचें पाऊल दोन पुरुष खोलींत जातें. धार पडते तेथील पांढऱ्या फेसांत हवा इतकी मिसळलेली असते, कीं शरीराला तोलून धरण्याची पाण्याची शक्तीच कमी होते, आणि विहिरींत सफाईनें पोहणारा तेथें बुडतो. कोंडेश्वराच्या कुंडांत बुडून मृत्यु आल्याच्या बातम्या वारंवार येतात, त्यांचें कारण पुष्कळ अंशीं हेंच. पाय भिजवावयाचे तर धबधब्याच्या खूप खालीं, जेथें तळाचे गोटे स्पष्ट दिसतात, तेथें भिजवावे. बुडणाऱ्यामागें उडी टाकूं नये. दोर, फांदी, पागोटें, ओढणी, हाताला येईल तें कांठावरून फेंकावें. तीस हातांचा एक दोर पिशवींत असला म्हणजे पागोट्याचा प्रश्न येत नाहीं, विशेषतः हल्लीं पागोटीं राहिलींच नसल्यामुळें.

बाकीच्या गोष्टी थोडक्यांत उरकतां येतील. बुटांचे तळ खांचेदार असावे. शेवाळलेल्या कातळावर चपलेचा उपयोग नाहीं. गवतांत हात घालतांना आधीं काठी घालावी, कारण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें हीं चारहि ह्या बाजूस आहेत. दंश झालाच तर कापणें, चोखणें, आंवळून बांधणें हे जुने उपाय करूं नयेत. माणसाला चालूं न देतां, दंशाचा अवयव न हलवितां, जेथें प्रतिविषाची लस मिळेल अशा सरकारी रुग्णालयांत लौकर पोंचवावें. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८, आणि इतर संकटाचा ११२. वीज चमकूं लागल्यास एकट्या झाडाखालीं उभें राहूं नये. पांचांहून कमी माणसें नसावीं, दहांहून अधिकहि नसावीं. दहांच्या वर गेलीं कीं मोजतां येत नाहींत. आणि लहान मुलें असतील तर धबधब्याला जाऊंच नये असें नव्हे, पण जेथें ओढा ओलांडावा लागत नाहीं असाच धबधबा निवडावा, मग तो लहान कां असेना. मुलाला बारा फुटांची धारहि पांडवकड्याएवढीच वाटते.

राहिली एक चिठ्ठी. निघण्यापूर्वीं ती घरीं लिहून ठेवावयाची असते. तींत पांच ओळी पुरतात: कोठें जात आहों आणि कोणत्या वाडीवरून, बरोबर कोण-कोण आहेत आणि त्यांचे दूरध्वनि क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि ती कोठें उभी असेल, शेवटचा ओढा किती वाजतां ओलांडावयाचा आहे, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाहीं म्हणजे घरच्यांनीं कोणास कळवावें. रानांत मोबाईलला लहर असते, म्हणून ही शेवटची वेळ रस्त्यावर येण्याच्या वेळेपेक्षां तीन तास पुढची धरावी, म्हणजे आई उगाच साडेतीनपासून दाराशीं येरझारा घालणार नाहीं. चिठ्ठी दाराच्या आंतल्या बाजूस, सर्वांना दिसेल अशी चिकटवावी. संध्याकाळीं ओल्या बुटांनिशीं घरांत पाऊल टाकल्यावर ज्यानें ती लावली असेल त्यानेंच ती काढावी.